परत उघडा

बाबांनी रविवारी सगळ्यांना गॅरेजमध्ये जेवायला बोलावलं, तेव्हाच ताईने ओळखलं की आज निकाल लागणार. घर गॅरेजच्या मागेच होतं, घरात जेवायची खोली होती, टेबलही होतं. पण या कुटुंबात कायमच्या गोष्टी ठरल्या त्या ऑइलच्या वासातच. ताईचं लग्न इथे ठरलं, आणि ते मोडून ती परत आली त्या दिवशी बाबांनी काही न विचारता तिच्या हातात पाना दिला, तोही इथेच.

निकाल होता तो यापुढे गाड्या पास कोण करणार याचा. या गॅरेजात इंजिन कुणीही बांधो, गाडी पास करणारा माणूस एकच. बॉनेट उघडं ठेवून गाडी चालू करायची, त्या माणसाने डाव्या बाजूला उभं राहून डोळे मिटायचे, ऐकायचं, आणि दोनपैकी एक शब्द बोलायचा: ‘जा’, नाहीतर ‘परत उघडा’. तिसरा शब्द नाही, कारण विचारायची सोय नाही. ही पद्धत आजोबांनी पाडली. त्यांच्यानंतर बाबा आले, आणि बाबांचा ‘जा’ ऐकल्याशिवाय गिऱ्हाईक किल्लीला हात लावत नसे.

आता बाबांचे कान गेले होते. कान जरा जड झालाय एवढं घरात सगळ्यांना माहीत होतं, समोर तोंड करून बोललं की निभावतं हेही माहीत होतं. पण चालू इंजिनसुद्धा त्यांना ऐकू येत नाही, हे फक्त ताईला माहीत होतं. एकदा व्हॉल्व्हवरचं टॅपेट सैल होऊन कडकडा वाजत असलेल्या गाडीला ते ‘जा’ म्हणायला निघाले आणि बॉनेटच्या पलीकडे उभ्या ताईने नकळत मान हलवली. बाबांनी पाहिलं, ओठांवरचा शब्द गिळला आणि म्हणाले, “परत उघडा.” तेव्हापासून ते डोळे मिटायचे, उघडायचे, आणि आधी ताईकडे बघायचे. तिची मान बोटभर खाली गेली की ‘जा’. यावर दोघांत एक अक्षरही कधी बोललं गेलं नाही. त्या नजरेवर ताईचा दिवस निघायचा. ती नजर म्हणजे आपल्यालाच पुढे सगळं मिळणार याची खात्री आहे, असं तिने मनाशी धरलं होतं.

मग भावाने बॅटरीबाई आणली.

भावाला घरात चोक म्हणत. लहानपणी सकाळी दोनदा ओढल्याशिवाय तो उठायचा नाही म्हणून. त्याची बायको आधी एका मोठ्या सर्व्हिस सेंटरमध्ये बॅटरीच्या गाड्यांवर काम करायची. नारिंगी जाड वायरींना हात घालताना ती कोपरापर्यंत रबरी हातमोजे घालायची. ‘बॅटरीबाई’ हे नाव ताईनेच ठेवलं होतं, चांगलं टोचावं म्हणून. तर या बयेने ते रंगाने स्वतःच्या हत्यारांच्या पेटीवर लिहून घेतलं. टोचणी वाया गेली याचा राग ताईला अजून होता.

आणि आज मधल्या जागेवर उभ्या असलेल्या गाडीचं काम बॅटरीबाईचं होतं. गाडी हायब्रिड, म्हणजे पेट्रोलचं इंजिन आणि बॅटरीची मोटर दोन्ही असलेली, दातांच्या डॉक्टरीणबाईंची. ऑइल खात होती. आजवर बॅटरीबाई मोटर, बॅटरी, सेन्सर एवढंच बघायची, इंजिन ताईकडे असायचं. या वेळी बाबा म्हणाले होते, “इंजिनही हिलाच बांधू दे.” रिंगा, व्हॉल्व्ह, चेन, सगळं तिने एकटीने केलं. ताई शेजारच्या पिटवर दुसऱ्या गाडीचा क्लच उतरवत होती, पण तिचं अर्धं लक्ष तिकडेच असायचं.

“आमच्या वडिलांच्या वेळी,” बाबा घास हातात धरून मोठ्याने म्हणाले, हल्ली ते सगळंच मोठ्याने म्हणत, “हँडल मारून गाडी चालू करायची. अंगठा चुकीच्या बाजूला राहिला की हँडल उलटं यायचं आणि मनगट जायचं.”

“त्यांचं दोनदा गेलं,” आई म्हणाली. “दोन्ही वेळा चूक गाडीची.”

“मग कार्बुरेटर आणि चोक आले,” भाऊ म्हणाला, “म्हणजे मी आलो.”

“तू अजून नीट चालू झालेला नाहीस,” आई म्हणाली. “भाजी वाढ ताईला.”

बाबांनी हे ऐकलं नव्हतं. ते पुढेच निघाले होते. “माझ्या वेळी डिझेल आलं. ठिणगी नाही, प्लग नाही. हवा इतकी दाबायची की ती आपोआप तापते, वरून डिझेलचा फवारा मारला की पेट घेते. लोक हसायचे. म्हणे, ट्रकचं इंजिन मोटारीत कोण घालतं? नंतर तेच लोक दारात रांग लावून उभे.” ते पाणी प्यायले. “ताईच्या वेळी इंजेक्शन आलं, कॉम्प्युटर आला. आणि आता ही. पोरी, सांग ना, तुझ्या इंजिनात काय वेगळं आहे ते.”

ताईच्या हातातला घास तसाच राहिला. आजोबांना हँडल मिळालं, बाबांना डिझेलची अख्खी गोष्ट मिळाली, आणि तिची सगळी वर्षं एका वाक्यात आटोपली. फवाऱ्याचं टायमिंग मिलिसेकंदात मोजायला ती कुणाच्या मदतीशिवाय शिकली होती. पहिला स्कॅनर या गॅरेजात आला तो तिच्या हट्टाने. त्या वेळी ‘पोरी, सांग ना’ असं कुणी म्हटलं नव्हतं.

बॅटरीबाईने हातातला चमचा खाली ठेवला, बाबांकडे पूर्ण वळली आणि एकेक शब्द सावकाश बोलली. “बाबा, यात हवा आत घेणारा व्हॉल्व्ह उशिरा मिटतो. पिस्टन वर यायला लागला तरी तो थोडा वेळ उघडाच असतो. म्हणजे दाबायचं कमी आणि पेट घेतल्यावर ढकलायचं मात्र पूर्ण. पेट्रोल कमी लागतं.”

“आणि दम?”

“दम कमी. चढावर हे इंजिन एकटं रडेल. तिथे मोटर हात लावते.”

“म्हणजे नवऱ्याला जमत नाही तिथे बायको,” आई म्हणाली. “हे नवीन काय आहे?”

चोक सगळ्यांत जोरात हसला. बाबाही हसले, कारण समोर सगळे हसत होते. ताईला मात्र एक गोष्ट खटकली. बॅटरीबाई एरवी मशीनगनसारखी बोलायची. बाबांशी बोलताना ती ओठ उघडून, थांबून, तोंडासमोर तोंड ठेवून का बोलली?

“अर्धं इंजिन, अर्धा मिक्सर,” ताई म्हणाली. “त्यात ऐकायचं काय, कप्पाळ?”

“ऐकायला तुम्ही आहात ना, ताई.” बॅटरीबाई अगदी मनापासून बोलली, ताईचं डोकं उठायला तेवढं पुरेसं होतं. “मला अजून टॅपेट कुठलं आणि इंजेक्टर कुठला हेसुद्धा आवाजावरून ओळखता येत नाही. तुमच्यासारखा कान मला जन्मात यायचा नाही. शिकवाल का?”

“बघू,” ताई म्हणाली.

जेवण झालं. आईने ताटं उचलली, चोकने शटर अर्धं वर केलं, आणि सगळे गाडीभोवती उभे राहिले. बॅटरीबाईने आत बसून पेडल आणि गिअरची ती ठरलेली कसरत केली. एरवी असली गाडी चालू असूनही मुकी असते, इंजिनाला वाटेल तेव्हा ते जागं होतं आणि वाटेल तेव्हा झोपतं. सलग चालू ठेवायचं तर तिला आधी तसं पटवावं लागतं. इंजिन लागलं. बॅटरीबाई बाहेर आली, बाबांच्या शेजारी गेली.

आणि तिने बाबांचा उजवा हात मनगटाशी धरला, उताणा होता तो पालथा केला आणि मडगार्डच्या आतल्या पट्टीवर ठेवला. “जरा इकडे, बाबा.”

बाबांचा हात आपणहून बोटभर सरकला आणि बरोबर जागी बसला. तो हात तिथे काही पहिल्यांदाच जात नव्हता. हे ताईला दिसलं, आणि पुढचं सगळं तिला एका दमात कळलं. हिला माहीत आहे. हिला केव्हापासूनच माहीत आहे. आपण गुपित राखत बसलो, मान हलवत बसलो, आणि हिने मागच्या मागे बाबांना हाताने ऐकायला शिकवलं. आपल्याला हे सुचलं कसं नाही? हिने काम हिरावलं असतं, गॅरेज हिरावलं असतं तरी एक वेळ चाललं असतं. पण बाबांना ताईची गरज होती, आणि त्या गरजेलाच हिने हात घातला होता.

इंजिन चालत होतं. ताईने ऐकलं, कारण ऐकणं तिला थांबवता येत नव्हतं. चेन शांत होती. चारही सिलिंडर एकसारखे बोलत होते. या जातीच्या इंजिनाचा आवाज थोडा कोरडा, थोडा पातळ असतो, हे तिला ठाऊक होतं, अशी बरीच तिने याआधी ऐकली होती. हे त्यातलं उत्तम होतं. तिने स्वतः बांधलं असतं तरी याहून चांगलं बांधलं गेलं नसतं, आणि हेच तिला सहन होईना.

बाबांनी डोळे उघडले. ताईकडे पाहिलं.

ताईने मान हलवली. नाही.

बाबा नेहमीपेक्षा जास्त वेळ थांबले. त्यांनी पुन्हा एकदा हात पट्टीवर घट्ट दाबला, ताईकडे पुन्हा पाहिलं. आता नकार फिरवायला हवा होता, हे तिला कळत होतं. ती हलली नाही.

“परत उघडा,” बाबा म्हणाले आणि हात काढून घेतला.

चोकचं तोंड उतरलं. “अरे देवा. त्या डॉक्टरीणबाई संध्याकाळी यायच्यात. आता काय सांगू?”

“सांग उद्या या,” आई म्हणाली. “त्या नाही का आपल्याला उद्या या म्हणत?”

बॅटरीबाईने इंजिन बंद केलं. ती पांढरी पडली होती, पण वाद घातला नाही. बाबांना कारण विचारायची सोय नव्हती, म्हणून ती ताईकडे आली. “ताई, तुम्हाला काय ऐकू आलं? सांगा, मी तिथूनच उघडते.”

“तिसऱ्या सिलिंडरचं टॅपेट,” ताई म्हणाली. “एक्झॉस्टचं. फट जास्त राहिलीय.” खोटं इतकं नीटनेटकं तोंडातून बाहेर पडलं की तिचं तिलाच आश्चर्य वाटलं.

“मी मोजली होती हो,” बॅटरीबाई पुटपुटली. मग स्वतःशीच म्हणाली, “नसेल नीट मोजली.”

इंजिन गार झाल्याशिवाय टॅपेट मोजता येत नाहीत. म्हणून सगळी दुपार वाट बघण्यात गेली. चोक फोनवर डॉक्टरीणबाईंची मनधरणी करत येरझारा घालत होता. बाबा कोपऱ्यातल्या बाकावर, लोखंड पकडायच्या वाइसच्या शेजारी बसले होते. ताईने क्लचचं काम काढलं आणि तेच तेच नट पुसले. तिला वाटलं होतं, बॅटरीबाईचा पडलेला चेहरा बघून बरं वाटेल. सुरुवातीला वाटलंही. मग त्या चेहऱ्यावर राग शोधता शोधता तिच्या लक्षात आलं की तिथे राग नाहीच. ती बाई खरंच स्वतःची चूक आठवत बसली होती.

शेवटी टॅपेट कव्हर निघालं. बॅटरीबाई फट मोजायच्या फिलर गेजच्या पात्या घेऊन वाकली. तिसरा सिलिंडर मोजला, मग सगळेच मोजले, मग पुन्हा तिसरा. नवरा टॉर्च धरून उभा होता.

“बरोबर आहे ना?” चोकने विचारलं.

“मला बरोबर वाटतंय. पण ताईंना ऐकू आलंय म्हणजे कुठेतरी आहेच.” तिने घामेजलेला चेहरा बाहीला पुसला आणि पाती ताईपुढे धरली. “ताई, तुम्ही मोजा ना. मलाच मोजता येत नसेल.”

ताईने पाती घेतली. फटीत सरकवली. पाती हवी तशी, हलक्या ओढीने बाहेर आली. एक क्षण तिच्या मनात आलं, दुसरीच पाती घ्यावी आणि म्हणावं, ही बघ, सैल आहे. हा विचार आपल्याला सुचला याची तिला भीती वाटली. पाती हातात धरून ती तशीच वाकून राहिली.

तेवढ्यात बाबांचा आवाज आला. “सगळे इकडे या.”

आईने त्यांना चहा दिला होता, तो तसाच गार होत होता. बाबांनी उजवा तळवा गुडघ्यावर उताणा ठेवला होता आणि ते त्याच्याकडे बघत बोलले.

“एकदा सांगून टाकतो. माझे कान गेले. नुसते जड नाहीत, गेलेच. इंजिनसुद्धा ऐकू येत नाही. इतके दिवस ताईने मला सांभाळून घेतलं. मग या पोरीच्या लक्षात आलं. तिने मला हात लावायला शिकवलं. म्हणाली, बाबा, कानाला कळतं ते सगळं पत्र्यात उतरतं. मी चोरून चोरून हात लावून बघायचो, मग ताईकडे बघायचो, जुळतंय का. जुळायचं. प्रत्येक वेळी जुळायचं. मला वाटलं, चला, अगदीच सगळं संपलं नाही.”

“बाबा, इंजिनही नाही?” चोक म्हणाला.

“घरात कधी ऐकलं नाही,” आई म्हणाली, “म्हणून मला फरक कळला नाही.” पण तिने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि तो काढला नाही.

“आज हात म्हणाला, बरी आहे,” बाबा म्हणाले. “अगदी ठाम म्हणाला. ताई म्हणाली नाही. ताई चुकत नाही. म्हणजे हातही गेला.” त्यांनी तळवा पॅन्टला पुसला, उगाचच, त्याला काही लागलेलं नव्हतं. “आजपासून ताई पास करेल. हेच सांगायला बोलावलं होतं. पण मला वाटत होतं, आणखी थोडी वर्षं ती आणि मी दोघं मिळून करू. राहू दे. उगाच तुमच्या पायात कशाला येऊ? मी घरी बसेन.”

ते उठले आणि मागच्या दाराकडे निघाले.

ताईला हवं होतं ते सगळं मिळालं होतं. चोक तिच्याकडे बघून कसंनुसं हसला. बॅटरीबाई बाबांच्या पाठीमागून म्हणाली, “बाबा, एका गाडीवरून असं नका ठरवू,” पण ते पाठमोरे होते, त्यांना कुठलं ऐकू येणार? ते हळू चालत होते. एक हात भिंतीपासून दूर धरून चालत होते. येता-जाता भिंतीलगतच्या कॉम्प्रेसरला हात लावून तो चालू आहे का बघायची सवय त्यांना अलीकडेच लागली होती. आज त्यांनी लावला नाही.

“बाबा, गाडी बरी होती,” ताई म्हणाली.

गॅरेजातल्या सगळ्यांनी ऐकलं, बाबांशिवाय. ते चालतच राहिले.

“काय?” चोक म्हणाला.

“बाबा!” ताई ओरडली. “गाडी बरी होती! मी खोटं सांगितलं!” शटरच्या बाहेर कुणीतरी चालता चालता थांबलं. बाबांनी दार ढकललं. मग ताई धावली आणि दारातच त्यांचा दंड धरून त्यांना आपल्याकडे वळवलं. तिला वाटलं होतं हे सांगायचंच झालं तर कधीतरी बाजूला नेऊन, कानात सांगू. पण त्या माणसाच्या कानात सांगून काय उपयोग? पोटातून ओढून आणल्यासारखा एकेक शब्द तिला तोंड वासून, सगळ्यांदेखत, सावकाश बोलावा लागला.

“हात बरोबर होता. गाडी बरी होती. खोटं मी बोलले.”

बाबा तिच्या ओठांकडे बघत राहिले. “टॅपेट?”

“टॅपेट बरोबर आहेत. सगळं बरोबर आहे. तिने चांगलं बांधलंय.”

“मग का?”

“तिने तुमचा हात धरला म्हणून.”

हे बाबांना पहिल्या वेळी समजलं नाही. त्यांनी भुवया उंचावल्या. ताईला ते पुन्हा म्हणावं लागलं, आणखी मोठ्याने. तेव्हा तिच्या मागे काहीतरी खणकन वाजलं. बॅटरीबाईने पात्यांचा जुडगा बाकावर टाकला होता.

“सगळी दुपार,” ती म्हणाली. “सगळी दुपार मी स्वतःला शिव्या घालतेय. मला वाटलं आपल्याला हे जमणारच नाही. मी परत वायरींकडे जाणार होते, ताई.”

“चुकलं माझं,” ताई म्हणाली.

“चुकलं नाही. तुम्ही केलंत.” तिने हातमोजे उचलून पेटीत टाकले. “कव्हर तुम्ही बसवा. मी हात लावणार नाही.”

आई मध्ये पडायला पुढे झाली, मग बाबांचा गार झालेला चहा उचलायला वळली. चोक बायकोच्या शेजारी जाऊन उभा राहिला. एरवी बहिणीचं नाव निघालं की तो गप्प बसायचा. आता त्याने ताईकडे बघितलंही नाही.

ताईने कव्हर बसवलं. जुनी गॅस्केट खरवडून काढली, नवी लावली, बोल्ट आडव्यातिडव्या क्रमाने थोडे थोडे आवळले. कुणी टॉर्च धरला नाही. तिला लाज वाटत होती, इतकी की मान वर करवत नव्हती. पण खरं सांगायचं तर त्या लाजेखालीही दुपारचा तो जळफळाट शिल्लकच होता. बॅटरीबाईने आदळआपट केली तीसुद्धा बरोबर केली, याचाही तिला हेवा वाटला. आपण तिच्या जागी असतो तर रडून मोकळे झालो असतो, असं तिला वाटलं.

काम झाल्यावर ती मागे सरली आणि बॉनेटच्या पलीकडे आपल्या नेहमीच्या जागी उभी राहिली. दुसरी जागा तिला माहीत नव्हती.

बॅटरीबाईने इंजिन चालू केलं. बाबा डाव्या बाजूला आले. त्यांचा हात या वेळी कुणी धरला नाही. तो त्यांनी स्वतःच मडगार्डच्या आतल्या पट्टीवर टेकवला, जागा चाचपली, डोळे मिटले. इंजिन तसंच चालत होतं, एकसारखं, कोरडं, निर्दोष. ताईने मान आधीच खाली झुकवून ठेवली, म्हणजे त्यांनी डोळे उघडले की पहिल्यांदा तेच दिसेल.

बाबांनी डोळे उघडले आणि आपल्या हाताकडे पाहिलं.

“जा,” ते म्हणाले.

ताईकडे त्यांनी बघितलंच नाही.